बिनमाणसाच्या घारीची भरपाई

तारीख २२ फेब्रुवारी १९९८, रविवार, सकाळची वेळ. रक्कम चार हजार दोनशे रुपये, साध्या पाकिटात घातलेली. जागा कवठे महांकाळ तालुक्यातलं माझ्या सासुरवाडीचं गाव, तात्यांच्या विहिरीवरच्या लिंबाखाली. हजर माणसं चार: ज्यांच्या बागेचं नुकसान झालं ते तात्या, माण तालुक्यातून मेंढरं घेऊन आलेला मेंढपाळ, त्याची बायको आणि मी. ज्याच्या हातून नुकसान झालं तो माझा मेहुणा हजर नव्हता. पैसे त्याचे होते, ते घेऊन गेलो होतो मी.

मी तेव्हा माधवनगरला सुताच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहीत होतो. लग्नाला तीन वर्षं झाली होती. रविवारी आम्ही दोघं एसटीनं हिच्या माहेरी जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. हिचा भाऊ फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आला होता. आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येक माणसाला, त्याचा हुद्दा काहीही असो, मेजर म्हणतात. तसा तोही मेजर. मला तो दाजी म्हणायचा आणि काही विकत घ्यायचं झालं की आधी माझ्याकडून आकडे तपासून घ्यायचा. मला हा माणूस फार आवडायचा. त्याच्याएवढं नीटनेटकं घडी घातलेलं अंथरूण मी अजून कुणाचं पाहिलेलं नाही.

फौजेत त्याचं काम वेगळं होतं. विमानं पाडणाऱ्या तोफांना सराव लागतो, आणि सरावासाठी खरं विमान पाडून चालत नाही. म्हणून बिनवैमानिकाचं एक लहान विमान खालून रेडिओनं उडवायचं आणि तोफांनी त्याच्यावर नेम धरायचा. ते विमान उडवणाऱ्या टोळीत मेजर यंत्रांची देखभाल करायचा. त्याबद्दल बोलायला लागला की जेवण निवून जायचं.

"दाजी, ह्यात लय मोठी गोष्ट काय हाय सांगू? इमान पडलं तरी बायको कुणाची रडत न्हाई."

एकदा त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. वाळवंटात सराव चालला असताना विमान हाताबाहेर गेलं आणि वाऱ्याबरोबर सरहद्दीकडे निघालं. शेवटी छत्री उघडून अलीकडेच वाळूत पडलं. पण तेवढ्या वेळात साहेबांच्या अंगावरचा सदरा घामानं भिजून गेला होता.

"मी म्हटलं, सर, आत कोणीच नाही, मग काळजी कसली? साहेब म्हणाले, तीच काळजी. माणूस चुकून पलीकडे गेला तर सांगता येतं, रस्ता चुकला. चेहऱ्यावरनं कळतं त्येंनाबी. यंत्र गेलं तर मुद्दाम धाडलं का चुकून गेलं, हे पलीकडच्यानं कशावरनं ओळखायचं? तो वाईटच धरून चालणार."

ही गोष्ट मेजर दर वेळी हसत सांगायचा आणि साहेबांच्या सदऱ्यापाशी सगळे हसायचे.

त्याची दीड एकराची द्राक्षबाग गावाच्या मावळतीच्या टोकाला होती. तिच्यापलीकडे नुसतं माळरान. उगवतीला बांधाला लागून तात्यांची बाग, आणि तात्यांच्या बागेपलीकडे त्यांचंच ज्वारीचं रान. विहीर तात्यांच्या हद्दीत, पण दोघांच्या आजोबांनी मिळून खणलेली, त्यामुळे पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. तात्या नात्यातले नव्हते. पण मेजरचे वडील लवकर गेल्यावर त्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारे तात्याच.

द्राक्षात पाणी भरायला लागलं की भोरड्यांचे थवे उतरतात. पन्नासशंभर पाखरं एका मांडवावर बसली की घडांचे नुसते देठ उरतात. आमच्या भागात राखणीची एक रीत आहे. उगवतीकडच्या बागेतला राखण्या आधी हाळी देतो, मग गोफण फिरवतो. हाळी ऐकून शेजारचा तयार राहतो आणि त्याच्याकडे आलेला थवा पुढे हाकलतो. असं करत करत पाखरं माळावर घालवायची. उलट दिशेनं कुणी हाकलायचं नाही. शेवटच्या बागेला त्रास जास्त, म्हणून मधले लोक दिवसातून एकदोनदा बांध ओलांडून तिथं मदतीला जातात. गेले की चहा होतो.

शेवटची बाग मेजरची होती. आणि दुसऱ्याच्या मदतीवर राहायचं हे त्याच्यातल्या हवालदाराला पटत नव्हतं.

म्हणून त्यानं घार केली. थर्माकोल, बांबूच्या कामट्या, वरून काळपट तपकिरी कापड, पंखांची लांबी साधारण माझ्या दोन्ही हातांच्या पसाऱ्याएवढी. इंजिन आणि रेडिओचा संच फौजेतल्या ओळखीनं बंगळूरहून जुना आणला. एकूण खर्च नऊ हजार चारशे, सगळ्या पावत्या मी पाहिल्या होत्या. इंधनात एरंडेल असायचं, त्यामुळे ती उडाली की अंगणभर एखाद्या तान्ह्या पोराला औषध पाजल्यासारखा वास पसरायचा. आवाज मोपेडचा. मेजर घराच्या धाब्यावर खुर्ची टाकून, गळ्यात रेडिओची पेटी अडकवून बसायचा. भोरड्या पहिल्या दिवशी अशा पळाल्या की अख्खा गाव बघायला आला.

"मेजर, तिकीट किती हो?" कुणीतरी खालून ओरडलं.

"तुला फुकट न्हेतो. पंखाला लटक."

पहिल्या आठवड्यात तात्याही खूश होते. पण मेजरला एक नवीन गोष्ट सुचली. पाखरं आपल्या बागेत आल्यावर हाकलायची कशाला? ती तात्यांच्या मांडवावरून उठली की तिथंच हवेत अडवायची. म्हणजे आपल्या हद्दीत यायलाच नकोत. घार बांध ओलांडून पुढं जायला लागली आणि थवा माघारी फिरून तात्यांच्याच बागेत उतरायला लागला.

तात्या बांधावर येऊन म्हणाले, "मेजर, पाखरं माझ्याकडंच परत यायला लागली की रं."

"तात्या, पाखरांला काय पासपोर्ट असतोय?"

"पाखरांला नसू दे. तुज्या इमानाला हाय का?"

मेजर हसला. पुढच्या रविवारी तात्यांच्या घरातल्या बायकांची तक्रार हिच्या कानावर आली. त्यांची न्हाणी वरून उघडी होती आणि घार नेमकी तिच्यावरून जायची.

"त्यात डोळा न्हाई," मेजर हिला समजावत होता. "कॅमेरा न्हाई, काय न्हाई. नुसतं इंजन हाय."

"मग दादा, तू धाब्यावर बसून बघतोयस काय?"

"इमान बघतोय."

"आणि इमान काय बघतंय हे त्यांनी कुणाला इचारायचं?"

मेजरनं न्हाणीवरून न्यायचं बंद केलं, असं तो म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. पण लांब गेलेलं लहान विमान नेमकं कुणाच्या रानावर आहे, हे मागून बघणाऱ्याला सांगता येत नाही. आकाशात ते फक्त मोठं किंवा लहान दिसतं. शिवाय ते आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं उजवं उलटं होतं. हे त्यानंच मला शिकवलं होतं.

त्या काळात परदेशातल्या लढायांच्या बातम्यांत बिनवैमानिकाच्या विमानांचा उल्लेख कधीमधी यायचा. मेजर तेवढा भाग मोठ्यानं वाचायचा. आता तर रोजच्या पेपरात ड्रोन असतात. अमक्या देशाचं ड्रोन तमक्याच्या हद्दीत गेलं, पाडलं, मग हे म्हणतात आमच्याच हद्दीत होतं, ते म्हणतात हल्ला होता. आपला माणूस मरत नाही म्हणून ते पाठवणं सोपं आणि स्वस्त, असं जाणकार लिहितात. मी जाणकार नाही. मला त्या वर्षीचा एक साधा आकडा आठवतो. घार यायच्या आधी मेजर तात्यांना राखणीला बोलवायला दिवसातून दोनदा तरी बांध ओलांडायचा आणि दोन चहा व्हायचे. घार आल्यावर ती दिवसातून दहापंधरा वेळा बांध ओलांडायची आणि मेजर एकदाही नाही. जाणं स्वस्त झालं म्हणून वाढलं. आणि गेल्यावर जे बोलणं व्हायचं ते थांबलं. थांबल्याचं दोघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही, हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

फेब्रुवारीत तात्यांनी ज्वारी काढली आणि मोकळ्या रानात मेंढरं बसवली. लेंडीखत मिळतं म्हणून शेतकरी मेंढपाळाला धान्य देऊन कळप रात्री आपल्या रानात ठेवतात. हे माणचं जोडपं तात्यांकडे दरवर्षी यायचं. जाळीचं कुंपण लावून आत मेंढरं, कडेला तीन दगडांची चूल. मेजरला हे माहीत असायला हवं होतं. आदल्या वर्षांत कळप आला की संध्याकाळपर्यंत त्याला कळायचं, कारण तो तिकडं जायचा.

वीस तारखेला, शुक्रवारी, दिवस उगवताना त्यानं धाब्यावरून पाहिलं. सूर्य समोर, खाली चुलीचा धूर आणि धुकं, आणि तात्यांच्या बागेच्या पलीकडच्या कडेला जमिनीवर काळ्या ठिपक्यांचा मोठा थर. आमच्याकडची मेंढरं काळी असतात. त्याला वाटलं, भोरड्यांचा एवढा मोठा थवा आपण आजवर पाहिला नाही. त्यानं घार उडवली, उंचावर नेली आणि त्या थरावर सरळ खाली आणली. ठिपके पसरले. त्याला वाटलं, जमलं. म्हणून आणखी एकदा आणली.

तिकडं मेंढरांनी कुंपण फाडलं. निम्मी तात्यांच्या मांडवाखाली घुसली. तारा तुटल्या, घड पडले. एका मेंढीचा पाय मोडला, दोन पिल्लं पायाखाली जाऊन मेली. तात्यांनी दुपारी विहिरीवरचा मेजरच्या पाइपाचा वॉल्व्ह बंद केला आणि चावी घरात नेऊन ठेवली. द्राक्षाचे मणी फुगायचे ते दिवस. आठदहा दिवस पाणी मिळालं नसतं तर मेजरची वर्षाची बाग गेली असती. रविवारी आम्ही पोचलो तेव्हा त्याचा दुसरा कोरडा दिवस संपून तिसरा सुरू झाला होता.

मेजरनं मला बसवून हिशेब करायला लावला. मेंढी बाराशे, दोन पिल्लं साडेचारशेप्रमाणे नऊशे, द्राक्षं आणि तारा मिळून एकवीसशे. एकूण चार हजार दोनशे. त्यानं लगेच मोजून पाकिटात घातले.

"दाजी, तुमी देऊन या. तुमी हिशेबाची माणसं. वाद व्हायचा न्हाई."

वाद झाला नाही हे खरं. तात्यांनी पाकीट हातात घेतलंच नाही.

"किती हायत?"

"चार हजार दोनशे."

"बरोबर असणार. जावईबापूंचा हिशेब चुकायचा न्हाई. मेजर कुठं हाय?"

"घरी."

"आजारी हाय?"

"नाही."

"मग पाय मोडलाय काय त्येचा? मला वाटलं मेंढीचा मोडला."

मेंढपाळाची बायको पदर तोंडाला लावून हसली. मेंढपाळ हसला नाही. तो म्हणाला, "आवं पावणं, त्या दिशी शिव्या कुणाला द्यायच्या त्येच कळंना. मग वर बघून दिल्या."

"ह्येंनी शिव्या दिल्या," बायको म्हणाली, "मी धोंडा मारला. लागला असता तर बरं झालं असतं."

तात्या म्हणाले, "जावईबापू, तुमच्यावर राग न्हाई. पर बगा, त्येनं इमान धाडलं, त्यात माणूस न्हवता. आता पैसं धाडलं, त्येंच्याबरोबर माणूस हाय, पर उडवणारा न्हवं. उद्या कुणाला धाडंल? हे पैसं मी घेतलं तर त्येला वाटंल भागलं. पुढच्या वर्सी आणिक एक इमान आणि आणिक एक पाकीट. पैसं परत न्ह्या."

मी परत आलो. मेजर धाब्यावर बसला होता, पेटी शेजारी, घार भिंतीला टेकवलेली.

"घेतलं न्हाईत?"

"तुम्हाला बोलावलंय."

"मी जाऊन काय बोलू? फौजेत चूक झाली की रिपोर्ट लिहायचा असतो. लिहून देऊ का?"

ही खालून भाकरीचा हात पुसत वर आली. "दादा, ती काय सरहद्द हाय का? तात्या हायत त्ये. तुला मुडदूस झाला तवा त्येंनी दुधाला शेळी दिलीया."

"म्हणूनच जाऊ वाटंना गं."

तो शर्ट बदलून निघाला. पायात बूट घातले, मग काढून चपला घातल्या. मी त्याच्या मागं होतो. बांधावर तो क्षणभर थांबला आणि मग उतरला. लिंबाखाली पोचल्यावर तो पहिलं वाक्य जे बोलला ते चुकीचंच होतं.

"तात्या, मला वाटलं भोरड्या हायत. आणि मला वाटलं बांधाच्या जवळच हाय इमान."

"वाटलं असंल," तात्या म्हणाले. "चल."

त्यांनी त्याला मेंढरांच्या वाड्यात नेलं. बोलणं संपेपर्यंत त्या दिवशी कळप सोडला नव्हता. मेंढपाळाचं काळं घोंगडं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि मेंढरांच्या मधोमध खाली बसवलं. मला म्हणाले, "जावईबापू, जरा ह्येच्या धाब्यावर जाता का? जाऊन बगा आणि सांगा, ह्यातला आमचा मेजर कुठला."

मी गेलो. हीही आली. ऊन चांगलं वर आलं होतं, धुकं नव्हतं, धूर नव्हता. समोर तात्यांच्या रानात काळे ठिपके होते. काही हलत होते, काही नव्हते.

"कुठला दादा?" हिनं विचारलं.

मी एका ठिपक्याकडे बोट दाखवलं. तो ठिपका उठून चार पायांनी चालायला लागला. ही हसली. मग कपाळावर आडवा हात धरून ती बराच वेळ शोधत राहिली.

मी परत जाऊन तात्यांना सांगितलं, ओळखता आलं नाही. मेजर अजून तिथंच बसला होता. पाय मोडलेल्या मेंढीला मेंढपाळानं बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या, तिचं डोकं मेजरच्या मांडीपाशी आलं होतं आणि तो तिच्या कानामागं खाजवत होता. डोळे पुसावे लागू नयेत अशा बेतानं त्यानं तोंड दुसरीकडं केलं होतं.

"ताई, चुकलं माजं," तो मेंढपाळाच्या बायकोला म्हणाला. ह्या वेळी त्यात वाटलं, असंल, न्हाई, असं काही नव्हतं.

"तुमीच व्हय त्ये," ती त्याला नीट बघत म्हणाली. "मला वाटलं कोण लय मोठा राकुस असंल."

"धोंडा मारायचा राहिलाय म्हणं तुमचा."

"आता जवळनं मारायला कसंतर वाटतंय बगा."

मग चहा झाला. मेंढपाळीण चूल फुंकत असताना बोलणी झाली. मेंढीचे पैसे मेंढपाळानं नको म्हटले, ती पुन्हा चालायला लागेल, पण महिनाभर कळपाबरोबर फिरू शकणार नाही. तेव्हा ती मेजरच्या गोठ्यात राहील, तिचं खाणंपिणं तो बघेल आणि परतीच्या वाटेवर ते तिला घेऊन जातील. घार उडवायला तात्यांची हरकत नव्हती. अट एवढीच, की बांधापलीकडे न्यायची असेल तर मेजरनं खुर्ची पलीकडं आणून, हाळी देऊन उडवायची. मेजरनं ती पाळली. चांगले तीन आठवडे तो तात्यांच्या मांडवाशेजारी खुर्ची टाकून बसायचा आणि अर्धा वेळ दोघं गप्पाच मारायचे, त्यामुळे पाखरांचं बऱ्यापैकी फावलं. मार्चात घार बाभळीत अडकून मोडली. तात्यांनी ती काठीनं काढून आणून दिली आणि पुढच्या वर्षी दोघांनी मिळून मांडवांवर टाकायला जाळी आणली.

वॉल्व्हची चावी तात्यांनी त्याच दुपारी मेजरच्या हातात ठेवली. पाणी चालू झालं तेव्हा मी पाइपाला हात लावून पाहिला, गार लागला.

पैशांचं असं झालं. मेलेली दोन्ही पिल्लं मेंढपाळाच्या बायकोला माहेरहून मिळालेल्या मेंढीची होती, त्यामुळे त्यांच्यावर नवऱ्याचा हक्क नव्हता. हे मला माहीत नसल्यानं मी ती त्याच्या नावावर धरली होती. ते नऊशे रुपये मेजरनं स्वतः मोजून तिच्या हातात दिले. द्राक्षांचे पैसे तात्यांनी घेतले नाहीत. तारेचे आणि दोन बांबूंचे तीनशे वीस त्यांनी घेतले, मोजून खिशात घातले. उरलेले दोन हजार नऊशे ऐंशी मेजरला परत मिळाले.